आरोपीच्या शेजारी उभा राहिलेला वकील : सार्वजनिक काका

गावात पोलिसांची गाडी आली आणि कुणाला तरी उचलून नेलं, की सगळा गाव क्षणात बदलतो. काल ज्याच्या पारावर चहा घेतला त्याचं नाव घ्यायला माणसं कचरतात. त्याच्या घरची बाई वकील विचारत फिरते आणि लोक म्हणतात, आपल्याला कशाला नसती ब्याद? अशा वेळी पुण्याच्या गणेश वासुदेव जोशी यांची आठवण यावी. सार्वजनिक काका या नावानं महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

काकांचा जन्म 1828 सालचा, साताऱ्याचा. पुढे ते पुण्यात आले. कोर्टकचेरीत नोकरी केली, वकिलीची परीक्षा दिली आणि वकिलीत चांगला जम बसवला. अशा माणसानं आपला संसार बघून गप्प बसायला हरकत नव्हती, पण काकांचा तो पिंडच नव्हता. 1870 साली पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्यातूनच पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या 95 सभासदांमागे सुमारे सहा हजार लोक होते. कुणाच्या वतीनं बोलायचं तर आधी त्याचा अधिकार हातात पाहिजे, हा वकिली शिरस्ता काकांनी राजकारणात आणला.

शेतकऱ्यांशी त्यांचं नातं इथूनच जुळलं. वाढीव शेतसारा आणि सावकारी पाश यांनी कुणबी कसा पिचतो आहे, याची चौकशी सभेनं 1872-73 मध्ये केली आणि अहवाल सरकारपुढे ठेवला. दोनच वर्षांनी, 1875 च्या मे महिन्यात, सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि कर्जरोखे जाळले गेले. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळातही सभा खेड्यापाड्यांतली हकीकत सरकारला कळवत राहिली. तंट्यांत घरंदारं बुडू नयेत म्हणून काकांनी पुण्यात लवाद कोर्टही चालवलं. 1877 च्या दिल्ली दरबारात ते हातानं कातलेल्या सुताच्या खादीचे कपडे घालून गेले.

थोडक्यात, काकांचा मार्ग अर्जांचा, सभांचा आणि कायद्याचा. वासुदेव बळवंत फडके यांचा मार्ग अगदी उलटा. सरकारी हिशेब खात्यातला हा कारकून दुष्काळानं पेटून उठला. रामोशी, कोळी अशा मावळ्यांना जमवून त्यानं 1879 च्या फेब्रुवारीत शिरूरजवळच्या धामारी गावावर दरोडा घातला. पैसा उभा करून इंग्रजांशी लढायचं, हा बेत. सरकारनं त्यांच्यावर इनाम लावलं. जुलैत विजापूर भागात देवर नावडगी इथं ते पकडले गेले आणि पुण्याला आणले गेले. आरोप होता सरकारविरुद्ध युद्धाचा. त्या कलमात फाशीचीही तरतूद होती.

पुण्यात तेव्हा वातावरण कसं होतं? मे महिन्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा जळाले होते. सरकारचा डोळा शिकलेल्या मंडळींवर होता. काकांचे सहकारी न्यायमूर्ती रानडे यांच्यावरही संशयाची नजर होती आणि त्यांची बदली धुळ्याला झाली होती. अशा दिवसांत फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे इंगळावर हात ठेवणं. काकांनी ते घेतलं. महादेव चिमणाजी आपटे हेही बचावाला उभे राहिले.

खटला अवघड होता. फडक्यांच्या स्वतःच्या हातचं लिखाण पोलिसांच्या हाती सापडलं होतं. नोव्हेंबरात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, अपिलातही ती कायम राहिली. 1880 साली फडक्यांना एडनला नेलं. तिथंच 1883 साली त्यांचा अंत झाला. काका त्याआधीच, 25 जुलै 1880 रोजी वारले होते.

मग काकांनी काय मिळवलं, असं कुणी विचारेल. खटला त्यांनी जिंकला नाही. पण आरोप कितीही भयंकर असो, पुरावा सरकारनंच द्यायचा आणि आरोपीच्या बाजूनं विचारणारा माणूस कोर्टात असायलाच हवा, हे त्यांनी करून दाखवलं. दरोड्याची वाट त्यांची नव्हती. तरी वकील उभा राहतो तो गुन्ह्याच्या बाजूनं नाही, तर न्याय तपासून व्हावा म्हणून, हा फरक त्यांना पक्का ठाऊक होता.

काकांना जे हिंमतीवर करावं लागलं ते आज हक्क म्हणून लिहिलेलं आहे. अटकेचं कारण सांगणं, पसंतीचा वकील देऊ देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं, हे घटनेच्या कलम 22 मध्ये आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कलम 20 नुसार करता येत नाही. फडके खटल्याला शंभर वर्षं झाली त्याच 1979 साली, बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून खटल्यात सुप्रीम कोर्टानं गरीब आरोपीला मोफत वकील हा हक्कच ठरवला. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि पूर-दुष्काळानं नाडलेल्यांनाही ही मदत मिळते. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी एवढं केलं तरी पुष्कळ. गावातलं कुणी अटकेत गेलं तर त्याच्या घरच्यांना तालुक्याच्या कोर्टातली ही वाट दाखवा. तो दोषी की निर्दोष हे कोर्ट बघेल. चावडीवर निकाल लावायची घाई आपण करू नये.