रमाबाई आणि त्यांच्या आजीबाई

शाळेच्या इतिहासात पंडिता रमाबाई आपल्याला दोन ओळींत भेटल्या. शारदा सदन, मुक्ती मिशन, संपलं. परीक्षेपुरतं तेवढं पुरलं. पुढे नोकरी-संसारातून सवड काढून त्यांची पत्रं वाचली तेव्हा कळलं, की मधली तीन वर्षं राहूनच गेली होती. आपल्या शिक्षकांसमोर ती सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण ती मोठ्यांचं न ऐकण्याबद्दल आहेत!

रमाबाई वाढल्या ते घर आज्ञाधारक होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्यासाठी पंडितांच्या सभेत शास्त्राधार दिले. बाकी सगळं मात्र शास्त्रात सांगितलं तसंच: तीर्थयात्रा, व्रतं, दानधर्म. जवळचं होतं नव्हतं ते त्यात संपलं आणि १८७४च्या दुष्काळात आईवडील दोघंही गेले. पुढे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, लग्न झालं, आणि १८८२ मध्ये वैधव्य आलं.

१८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर व्हायला. पण ऐकू कमी येत असल्यानं ते जमलं नाही. राहायला होत्या वाँटेजच्या मठात; तिथल्या सिस्टर्सची पुण्यातही शाखा होती. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आई आणि मुलगी दोघींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांतून प्रेमानं आजीबाई म्हणत.

आणि मग या आजीबाईंशी वाद सुरू झाले. आधी जेवणावरून. रमाबाई मांस खात नसत, अंडंसुद्धा नाही. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसला. मग क्रूसावरून. त्यावर लॅटिन अक्षरं होती. जी भाषा मला येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही, ती मी का मिरवू, त्यापेक्षा संस्कृत असू दे, असं रमाबाईंचं म्हणणं पडलं. पुढे त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत आणि शिकवत होत्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत विचारलं गेलं. मत आलं, नको. याचा त्यांना विशेष राग आला. भर सभांमधून व्याख्यानं दिलेली बाई ती. वडिलांनी किंवा नवऱ्यानं कधी हरकत घेतली नव्हती, आणि आता ही बंदी!

खरा पेच त्रैक्याच्या सिद्धान्ताचा होता. पटेपर्यंत तो मानणार नाही आणि मुलीलाही शिकवू नका, असं त्यांनी कळवलं. इथे जरा थांबून त्यांची स्थिती बघा. परका देश, स्वतःचं उत्पन्न नाही, आणि मूल त्याच सिस्टर्सच्या ओटीत. अशा वेळी मान हलवणं सोपं असतं. रमाबाईंनी लिहिलं त्याचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकती सुटले आहे, लगेच दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. देवाची आज्ञा मानेन, पण पाद्र्याचा प्रत्येक शब्द म्हणजे देवाची आज्ञा नव्हे.

जेराल्डीनबाईंना हा अहंकार वाटला. त्यांना खलनायिका ठरवणं मला पटत नाही. मठाच्या जीवनात आज्ञापालन हीच साधना, आणि नवी मुलगी वाट चुकेल ही त्यांची काळजी खरी होती. शिवाय ही पत्रं त्यांनीच जपली, म्हणून १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाला ती छापता आली. रमाबाईंनीही नातं तोडलं नाही. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, पण पत्रं चालू राहिली.

पुढे अधिकार स्वतःकडे आल्यावर काय झालं, हा प्रश्न मला छळतो. १८८९ मध्ये उघडलेल्या शारदा सदनात धर्माची सक्ती नव्हती. पण मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं. रमाबाईंचं उत्तर होतं, की मी दार लावून प्रार्थना का करू? ते पटतं. तरी केडगावच्या मुक्तीत दुष्काळातून आलेल्या, बाईंशिवाय कुणी नसलेल्या पोरीला नाही म्हणणं कितपत शक्य होतं? वाँटेजमध्ये रमाबाईंच्या पाठीशी निदान संस्कृतची विद्वत्ता होती.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतरात घातली. प्रचलित मराठी बायबल त्यांना अवघड वाटे, साध्या बाईला कळेल असं हवं होतं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई. पुस्तक त्यांच्या मागे, १९२४ मध्ये आलं. खिळे जुळवण्यापासूनची छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली होती.