न विचारलेला प्रश्न : हकीम अबू बक्र राझी यांचे जीवन

इराणमधील रय हे प्राचीन शहर आजच्या तेहरानला लागून आहे. या शहराच्या रहिवाशाला अरबीत राझी म्हणतात, म्हणून इस्लामी इतिहासात राझी नावाचे अनेक विद्वान आढळतात. मदरशात ज्यांची तफसीर अभ्यासली जाते ते इमाम फखरुद्दीन राझी (रह.) वेगळे. येथे ज्यांचे जीवन सांगावयाचे आहे ते अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया राझी त्यांच्याही सुमारे तीन शतके आधी, हिजरी 251 म्हणजे इ. स. 865 मध्ये रय येथे जन्मले. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे स्थान फार वरचे आहे. परंतु त्यांच्या यशाइतकीच त्यांची एक चूकही आपल्याला बरेच काही शिकवून जाते.

तरुणपणी राझींना किमयेचा नाद होता. भट्टी, आम्ले आणि धातू यांच्या धुरात त्यांचे डोळे बिघडले, असे अल-बिरूनी यांनी नोंदवले आहे. वैद्यकाकडे ते काहीसे उशिरा वळले. मात्र एकदा वळल्यावर त्यांनी त्यातच आयुष्य घालवले. प्रथम रयच्या आणि पुढे बगदादच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. अल-बिरूनी यांनी त्यांच्या ग्रंथांची जी यादी केली, तिच्यात 184 नावे आहेत.

त्यांच्या बैठकीचे वर्णन इब्न नदीम यांनी केले आहे. राझी मध्यभागी बसत. त्यांच्यापुढे त्यांचे शिष्य, शिष्यांपुढे त्यांचे शिष्य, अशी वर्तुळे असत. येणारा रुग्ण आपले दुखणे प्रथम बाहेरच्या वर्तुळाला सांगे. त्यांना रोग ओळखता आला नाही, तर तो पुढच्या वर्तुळाकडे जाई. आणि तेही थांबले की मग राझी स्वतः बोलत. अशा रीतीने रुग्णावर उपचारही होई आणि नवशिक्यांना रोगनिदानाचे शिक्षणही मिळे. गरीब रुग्णांशी राझी विशेष मायेने वागत, त्यांची शुश्रूषा करीत आणि त्यांच्या खर्चालाही पैसे देत.

रोग ओळखण्यात राझी किती बारकाईने पाहत, हे देवी आणि गोवर यांवरील त्यांच्या पुस्तिकेवरून कळते. दोन्ही रोगांत ताप येतो आणि अंगावर पुरळ उठते. पुरळ उठण्यापूर्वीच दोन्हींतील भेद ओळखता यावा, असा राझींचा प्रयत्न होता. पाठीत तीव्र वेदना असतील तर देवीचा संशय घ्यावा. मळमळ, अस्वस्थता आणि घालमेल अधिक असेल तर गोवराचा, असे त्यांनी नोंदवले. देवीच्या रुग्णाचे डोळे वाचवण्यासाठी कोणती काळजी घ्यावी, हेही त्यांनी सविस्तर लिहिले. रोगाचे कारण म्हणून त्यांनी रक्त उकळण्याची जी कल्पना मांडली, ती पुढे चुकीची ठरली. हे दोन्ही रोग विषाणूंमुळे होतात. परंतु डोळ्यांनी जे पाहिले ते त्यांनी अचूक पाहिले. ज्या देवीने शतकानुशतके घरे ओस पाडली, ती जगातून नाहीशी झाल्याची घोषणा 1980 मध्ये झाली. तिला हरवण्याच्या दीर्घ वाटेवर तिला नेमके ओळखणे ही एक आरंभीची पायरी होती.

आता त्या चुकीकडे वळू. राझी आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवीत. त्यांत अब्दुल्लाह इब्न सवादा नावाच्या एका रुग्णाची हकीकत आहे. त्याला अधूनमधून ताप येई. कधी रोज, कधी एक दिवसाआड, कधी चौथ्या, तर कधी सहाव्या दिवशी. तापापूर्वी किंचित थंडी वाजे आणि लघवीला वारंवार जावे लागे. राझींनी दोन शक्यता सांगितल्या : एक तर हा ताप चौथ्या दिवशी येणाऱ्या तापाचे रूप घेईल, किंवा मूत्रपिंडात व्रण असावा. थोड्याच दिवसांत लघवीतून पू आला. राझींनी लघवी साफ करणारी औषधे दिली, मग व्रण भरून आणणारी दिली, आणि सुमारे दोन महिन्यांत रुग्ण बरा झाला.

दुसरा कोणी असता तर त्याने आपल्या यशाची कथा म्हणून ही नोंद येथेच संपवली असती. राझींनी मात्र पुढे आपल्या उणिवा लिहिल्या. उभे राहिल्यावर कमरेला काहीतरी जड लोंबकळत असल्यासारखे वाटते, हे रुग्णाने सांगितले नव्हते. आणि राझींनीही ते विचारले नव्हते. रुग्णाच्या वडिलांनाही मूत्राशयाचा त्रास होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. वारंवार होणाऱ्या लघवीवरूनच आपला संशय बळकट व्हायला हवा होता, हेही त्यांनी मान्य केले. एवढा मोठा हकीम आपल्याच वहीत आपली चूक लिहून ठेवतो, ती पुढच्यांनी टाळावी म्हणून. ज्ञान ही अल्लाहची अमानत आहे, हे मानणाऱ्याला याहून चांगला धडा कोणता?

उपचारातही त्यांची रीत साधी होती. आहाराने काम भागत असेल तर औषध देऊ नये. एकेरी औषधाने भागत असेल तर मिश्र औषध देऊ नये. ज्यांना हकीम गाठणे शक्य नाही अशांसाठी त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि डोकेदुखी, पडसे, खोकला, पोटाचे विकार यांवर बाजारात व स्वयंपाकघरात सहज मिळणाऱ्या वस्तूंचे उपाय सांगितले.

येथे एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. नुबुव्वतविषयी काही आक्षेपार्ह मते राझींच्या नावावर सांगितली जातात आणि विद्वानांनी त्यांचे कठोर खंडन केले आहे. श्रद्धेच्या बाबतीत राझी आपले मार्गदर्शक नाहीत. परंतु मुसलमानांनी त्यांचे वैद्यक कधी टाकून दिले नाही. उपयुक्त ज्ञान जेथून मिळेल तेथून घ्यावे आणि चूक तेथेच सोडावी, ही आपल्या पूर्वजांची रीत होती.

उतारवयात राझींची दृष्टी गेली. शस्त्रक्रिया करण्यास आलेल्या नेत्रवैद्याला त्यांनी डोळ्याला किती पडदे असतात असे विचारले. त्याला सांगता येईना, म्हणून त्यांनी उपचार नाकारला, अशी कथा सांगितली जाते. हिजरी 313 म्हणजे इ. स. 925 मध्ये रय येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नोंदी पुढे एकत्र करण्यात आल्या. तोच अल-हावी हा महाग्रंथ. 1279 मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपात तो दीर्घकाळ अभ्यासला गेला. मूळ अरबी ग्रंथाचे खंड 1955 पासून आपल्या शेजारच्या हैदराबादेत दाइरतुल मआरिफने छापले.

वाचकहो, मगरिबनंतर मशिदीच्या दाराशी आजारी लेकरांना घेऊन आईबाप दमसाठी उभे असतात. दम आणि दुआ सुन्नत आहे, मीही करतो. पण राझींची ती नोंद वाचल्यापासून दम केल्यावर दोन प्रश्नही विचारतो. एकदा एका मातेने फक्त ताप आहे एवढेच सांगितले. विचारल्यावर कळले की जुलाब चालू आहेत आणि बाळाने सकाळपासून लघवीच केलेली नाही. अंगातील पाणी घटल्याची ती खूण होती. त्यांना तसेच दवाखान्यात पाठवले. अल्लाहच्या कृपेने बाळ वाचले.

उपचार करा, कारण अल्लाहने रोगाबरोबर त्याचा इलाजही उतरवला आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. वैद्यक न जाणता इलाज करणारा हानीस जबाबदार राहील, हेही त्यांनीच शिकवले. म्हणून जाणत्या डॉक्टरकडे जावे आणि त्याच्यापासून काही लपवू नये. दुखणे कधीपासून आहे, पूर्वी काय झाले होते, आईवडिलांना कोणते आजार होते, कोणती गोळी किंवा पुडी आधीच घेतली आहे, हे सर्व सांगावे. आपल्या घरांत आजारी सून डॉक्टरसमोर गप्प बसते आणि उत्तरे पती किंवा सासू देते. कमरेत काय जड वाटते, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? तिला बोलू द्या. लाजेखातर न सांगितलेली एक गोष्ट कधी कधी जिवावर बेतते.

अल्लाह आपल्या सर्व रुग्णांना शिफा देवो आणि इलाज करणाऱ्यांना विचारण्याची समज देवो. आमीन.