रक्त राखणारा डॉक्टर

पेढी हा शब्द मुळात सावकारीतला. ठेव ठेवावी, गरजेला काढावी. रक्ताची अशी पेढी शास्त्रशुद्ध पायावर उभी करणाऱ्यांत डॉ. चार्ल्स ड्र्यू यांचे नाव अग्रभागी आहे. वर्गात रक्तगट शिकवताना मी लँडस्टायनरचे नाव घेतो, कारण ते पाठ्यपुस्तकात आहे. ड्र्यूचे नाव पुस्तकात नसले तरी घेतो. त्याचे कारण सांगण्यासाठी हा लेख.

ड्र्यू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील घरोघरी गालिचे बसविण्याचे काम करीत. मुलगा अभ्यासापेक्षा मैदानावर अधिक चमकला. ॲमहर्स्ट कॉलेजात तो गेला तोच मुळी खेळाच्या बळावर. १९२६ मध्ये पदवी मिळाली, पण वैद्यकीय शिक्षणाला पैसा नव्हता, म्हणून दोन वर्षे बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात जीवशास्त्र आणि खेळ शिकवून त्याने पुंजी जमविली. (आमच्या क्रीडाविभागातील विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे!) पुढे कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठातून १९३३ मध्ये १३७ विद्यार्थ्यांत दुसरा क्रमांक मिळवून तो डॉक्टर झाला. तेथे जॉन बीटी या अध्यापकांमुळे रक्तसंक्रमणाच्या प्रश्नात त्याचे मन गुंतले.

प्रश्न असा होता. शरीराबाहेर काढलेले रक्त त्या काळी जेमतेम आठवडाभर टिके. तांबड्या पेशी फुटू लागत, त्यांतले पोटॅशियम बाहेर झिरपे आणि रक्त देण्याच्या लायकीचे राहत नसे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन स्कडर यांच्याबरोबर ड्र्यू यांनी याचा कसून अभ्यास केला आणि १९४० मध्ये साठविलेल्या रक्तावर प्रबंध लिहिला. पेशी वगळून उरणारा पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. तो अधिक काळ टिकतो. अनेकांचा प्लाझ्मा एकत्र केला तर रक्तगट जुळविण्याची अडचणही फारशी उरत नाही. रक्तस्रावाने खचलेल्या सैनिकाला तात्काळ देण्यास याहून सोयीचे काय असणार?

त्याच वर्षी इंग्लंडवर बॉम्ब पडू लागले. बीटी तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे प्लाझ्माची मागणी केली. न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनसाठी रक्त जमविण्याची मोहीम सुरू झाली आणि ड्र्यू तिचे वैद्यकीय पर्यवेक्षक झाले. वेगवेगळ्या रुग्णालयांत वेगवेगळ्या पद्धतीने काम चाले. त्यांनी सर्वांना एकच पद्धत लावून दिली. जंतूंचा शिरकाव झाला आहे का, हे तपासल्याखेरीज माल बोटीवर चढत नसे. जानेवारी १९४१ पर्यंत १४,५५६ जणांनी रक्त दिले आणि ५,००० लिटरहून अधिक प्लाझ्मा इंग्लंडला गेला. रक्त गोळा करणाऱ्या फिरत्या गाड्यांची कल्पनाही याच सुमारास त्यांच्या कामातून पुढे आली.

एवढ्यावर चरित्र संपविता आले असते. पण १९४१ च्या अखेरीस अमेरिकन रेडक्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त घेण्याचेच नाकारले. जानेवारी १९४२ मध्ये ते घेऊ लागले, पण वेगळ्या बाटल्यांत. ज्याने ही व्यवस्था घडविली त्याचेच रक्त वेगळे! याच कारणासाठी ड्र्यू यांनी राजीनामा दिला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. एप्रिल १९४१ मध्येच ते हॉवर्ड विद्यापीठात शस्त्रक्रिया शिकवायला परतले होते. मात्र रक्ताच्या या विटाळाला शास्त्राचा काडीचाही आधार नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. वेगळ्या बाटल्यांची प्रथा रेडक्रॉसने १९५० मध्ये सोडली.

आता खरा धोका पाहा. मानवी रक्तद्रव मिसळलेली पीतज्वराची लस १९४२ मध्ये अमेरिकन सैनिकांना टोचली गेली आणि सुमारे ५०,००० जण काविळीने रुग्णालयात पडले. रक्त दिल्यावर एक ते चार महिन्यांनी कावीळ उद्भवते, हे १९४३ मध्ये पॉल बीसन यांनी नोंदविले. अनेकांचा प्लाझ्मा एकत्र करण्याची जी युक्ती सोयीची, तीच येथे घातक ठरली. शंभरांत एक दाता बाधित असला तरी सारा साठा नासे. हा विषाणू जंतूंच्या परीक्षेत सापडत नव्हता. दात्याच्या कातडीचा रंग मात्र कागदावर काळजीपूर्वक नोंदविला जात होता.

१ एप्रिल १९५० रोजी पहाटे नॉर्थ कॅरोलिनात बर्लिंग्टनजवळ मोटार उलटून ड्र्यू यांचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस. गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारल्यामुळे ते गेले ही दंतकथाही खोटी आहे. तेथील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचविण्याची शर्थ केली, पण जखमाच फार भयंकर होत्या.

काविळीचा माग पुढे बारूक ब्लुमबर्ग यांना लागला. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात सापडलेले प्रथिन हिपॅटायटिस-बीचे चिन्ह निघाले. १९७१ मध्ये अमेरिकेत दात्यांच्या रक्ताची त्यासाठी तपासणी सुरू झाली. हिपॅटायटिस-सीचा विषाणू १९८९ मध्ये उमगला. आपल्याकडे त्याची तपासणी २००१ मध्ये सक्तीची झाली. रक्ताच्या बाटलीवर दात्याचा वंश लिहिण्याचा लुइझियाना राज्यातील कायदा रद्द झाला तो १९७२ मध्ये.