फ्रीडरिश लोफ्लर

फ्रीडरिश लोफ्लर (२४ जून १८५२ – ९ एप्रिल १९१५) हे जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. घटसर्पाच्या जिवाणूवरील १८८४ च्या संशोधनामुळे ते प्रसिद्धी पावले. त्याआधी, १८८२ मध्ये, विल्हेल्म श्यूट्स यांच्यासह त्यांनी घोड्यांच्या ग्लँडर्स या घातक रोगाचा जिवाणू शोधून काढला होता. हे कार्य त्यामानाने उपेक्षितच राहिले.

लोफ्लर यांचा जन्म फ्रांकफुर्ट आन डेर ओडर येथे झाला. वडील लष्करी वैद्य होते. १८७४ मध्ये बर्लिन येथे वैद्यकाची पदवी घेतल्यावर पुत्रानेही काही काळ तोच पेशा पत्करला. १८७९ मध्ये ते बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात रुजू झाले आणि तेथे रोबर्ट कॉख यांचे सहकारी बनले.

घोड्याच्या नाकातून महिनोन्‌महिने स्राव वाहत असेल, तर त्याची कारणे अनेक असतात. दाढेच्या मुळाशी पू झाला किंवा सायनस सुजला, तर स्राव बहुधा एकाच नाकपुडीतून येतो. दाढ काढून अथवा कवटीच्या हाडाला छिद्र पाडून आतील पू धुऊन काढल्यास असा घोडा बरा होतो. ग्लँडर्समध्येही पुष्कळदा एकच नाकपुडी वाहते व जबड्याखालील गाठी सुजतात. मात्र असा घोडा साऱ्या पागेला, इतकेच नव्हे तर मोतद्दारालाही, मृत्यूच्या दारी नेऊ शकतो. निदान चुकले तर एकीकडे बरा होणारा घोडा हकनाक मारला जाई, दुसरीकडे रोगी घोडा पागेत राही. त्यातच, जुनाट ग्लँडर्स संसर्गजन्य नाही, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील आल्फोरच्या पशुवैद्यक विद्यालयात प्रचलित होते.

लोफ्लर व श्यूट्स यांनी ग्लँडर्सने मेलेल्या घोड्याच्या फुप्फुसातील व प्लीहेतील गाठींचा अंश घट्ट केलेल्या सीरमवर वाढवला. त्यातून मिळालेला शुद्ध जिवाणू निरोगी घोड्यांना टोचताच त्यांना तोच रोग जडला. संसर्गाचा वाद येथे मिटला.

या जिवाणूच्या अर्कापासून १८९१ मध्ये रशियात हेल्मान व काल्निंग यांनी मॅलीन बनवले. ते टोचल्यावर रोगी घोड्याला ताप येतो व टोचलेली जागा सुजते. त्यामुळे नाक कोरडे असतानाही रोग उघडकीस येऊ लागला. या कामातच ग्लँडर्सची लागण होऊन काल्निंग मरण पावले. खात्रीचा उपचार नसल्याने बाधित घोडे मारण्याचेच धोरण पुढे अवलंबले गेले.

१८८८ मध्ये लोफ्लर ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. लाळ्या-खुरकुताचे कारक सूक्ष्म गाळणीतूनही पार होते, हे त्यांनी व पाउल फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवले. प्राण्यांमधील विषाणूचा हा पहिला शोध होय. त्यांच्या प्रयत्नाने १९१० मध्ये रीम्स बेटावर या रोगाची प्रयोगशाळा उभी राहिली. १९१३ मध्ये ते बर्लिनच्या कॉख संस्थेचे संचालक झाले. तेथेच १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.