टाक आणि कथील

छपरावरच्या सोलर पॅनेलमधील काळसर चकत्या बहुधा सिलिकॉनच्या कांडीतून कापलेल्या असतात. वितळलेल्या रसाला स्फटिकाचा तुकडा टेकवून तो फिरवत, सावकाश वर ओढत गेले की ही अखंड स्फटिकाची कांडी तयार होते. या रीतीचे जनक यान चोख्राल्स्की.

या पोलिश सुतारपुत्राचा जन्म १८८५ चा. १९१६ साली बर्लिनच्या प्रयोगशाळेत टिपणे लिहिताना त्यांचा टाक दौतीऐवजी वितळलेल्या कथिलात बुडाला आणि टोकाला धातूची तार लोंबत आली, असे सांगतात. दुसरा कोणी टाक झटकून पुन्हा लिहायला बसला असता! त्यांनी तार तपासली. ती एकाच स्फटिकाची निघाली.

पुढे ते वॉर्सात प्राध्यापक झाले. महायुद्धानंतर जर्मनांना साथ दिल्याचा आरोप आला. पुराव्याअभावी सुटले, तरी त्यांच्या संस्थेने त्यांना परत घेतले नाही. गावी जाऊन ते घरगुती रसायने बनवू लागले. त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांच्याच रीतीने आधी जर्मेनियमचे, मग सिलिकॉनचे स्फटिक ओढले जात होते. १९५४ मध्ये तिथेच सिलिकॉनचा सौरघट जगापुढे आला. चोख्राल्स्की आदल्याच वर्षी वारले होते. वॉर्सातील संस्थेने त्यांच्यावरचा कलंक पुसला तो २०११ साली.