देवळालीचे गणिती गुरुजी : द. रा. कापरेकर

गणिताचा तास म्हटला की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. आपल्यापैकी काहीजण तर त्याच धाकाने कला शाखेकडे वळले. अशा सर्वांना एका शाळामास्तरांची ओळख असायला हवी.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. ठाण्याला शाळा शिकून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले आणि संख्यांचा ध्यास घेतला. विद्वानांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. १९८६ साली ते निवर्तले.

त्यांचा १९४६ सालचा शोध वजाबाकी येणाऱ्या कोणत्याही मुलाला करून पाहता येतो. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा आणि त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य धरा. त्यांचे निवृत्तीचे साल १९६२ घेऊ : ९६२१ − १२६९ = ८३५२; मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जन्मसाल १९०५ घेतले तर सात वजाबाक्या लागतात, पण मुक्काम ६१७४ हाच! सातांहून अधिक कधीच लागत नाहीत.

वर्गात शिकवण्याची किल्ली मला येथेच दिसते. प्रत्येकाची संख्या वेगळी, म्हणून शेजाऱ्याचे पाहून लिहिता येत नाही. शेवट मात्र एकच, म्हणून ज्याचा हिशोब अडला त्याची चूक सारे मिळून शोधतात. सराव होतो आणि असे का होते, हा प्रश्न मुलांनाच पडतो. तीन अंकी संख्येचे काय होते, तेही त्यांनाच शोधू द्यावे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडनेर भोलजीला माझे बाबा कापसाच्या वजनाचा हिशोब तोंडी करतात. गणित आमच्या घरात होतेच, शाळेत मात्र ते भीती होऊन भेटले. मित्रहो, आपल्यातले कितीतरी जण उद्या गावोगावी शिक्षक होतील. मुलांच्या हाती छडीच्या धाकाऐवजी एक कोडे दिले, तर कापरेकर गुरुजींचे ऋण थोडे तरी फिटेल.