अशोक मेहता

अशोक रणजितराम मेहता (२४ ऑक्टोबर १९११ – १० डिसेंबर १९८४) हे भारतीय समाजवादी नेते, लेखक आणि केंद्रीय मंत्री होते. भंडारा लोकसभा मतदारसंघाने त्यांना दोनदा निवडून दिले. दोन्ही वेळी त्यांचा पक्ष वेगळा होता.

भावनगर येथे जन्मलेले मेहता हे गुजराती साहित्यिक रणजितराम मेहता यांचे पुत्र. सविनय कायदेभंगात नाशिकच्या तुरुंगात त्यांना जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन व मिनू मसानी यांचा सहवास लाभला. त्या चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. याच मंडळींपैकी मसानी पुढे उदारमतवादी स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत गणले गेले. मेहता समाजवादीच राहिले, मात्र बहुपक्षीय लोकशाहीवाचून समाजवाद त्यांना मान्य नव्हता.

भंडाऱ्याची पोटनिवडणूक

१९५२ मध्ये भंडाऱ्यातून निवडून आलेले चतुर्भुज जसानी यांच्या पेढीचे सरकारशी विडीपुरवठ्याचे करार होते. शिवाय महानुभाव पंथात गेलेल्या गंगाराम थावरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज चुकीने फेटाळला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ही निवडणूक रद्द ठरवली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मतदारसंघ द्विसदस्यीय होता. पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षातर्फे मेहता, तर राखीव जागेवर शेड्युल्ड कास्ट फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मेहता विजयी झाले, डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. आज ही निवडणूक स्मरणात आहे ती या पराभवामुळेच.

पक्षांतर

मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षाने सरकारशी सहकार्याची क्षेत्रे शोधावीत, हा विचार मेहतांनी १९५३ च्या बैतूल संमेलनात मांडला होता. राममनोहर लोहिया यांनी त्यास कडाडून विरोध केला. १९६३ मध्ये मेहता नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, तेव्हा पक्षाने त्यांना काढून टाकले व ते काँग्रेसमध्ये गेले. १९६६ मध्ये ते केंद्रीय मंत्री झाले आणि १९६७ मध्ये काँग्रेसतर्फे पुन्हा भंडाऱ्यातून लोकसभेत आले.

राजीनामा

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजांनी चेकोस्लोव्हाकियात शिरून अलेक्झांडर दुब्चेक यांच्या सुधारणा चिरडल्या. सुरक्षा परिषदेत आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. पेट्रोलियम व रसायने खाते सांभाळणाऱ्या मेहतांनी याच कारणाने मंत्रिपद सोडले. परराष्ट्र धोरणातील एका मतदानावरून खुर्ची सोडणारे केंद्रीय मंत्री विरळाच. एरवी सरकारशी सहकार्याचा पुरस्कार करणाऱ्या या नेत्याने त्या सहकार्याची मर्यादा इथे स्वतःच आखली. प्रागमध्ये अनेक पक्षांचे मुक्त राजकारण १९८९ नंतरच परतले. ते पाहण्यास मेहता हयात नव्हते.

उत्तरकाळ

काँग्रेसच्या १९६९ मधील फुटीनंतर ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले व पुढे तिचे अध्यक्ष झाले. आणीबाणीत त्यांना कारावास घडला. १९७७ मध्ये जनता सरकारने नेमलेल्या पंचायत राज समितीचे ते अध्यक्ष होते. जिल्हा परिषद आणि मंडल पंचायत अशा द्विस्तरीय रचनेची शिफारस करणारा या समितीचा अहवाल १९७८ मध्ये सादर झाला.